स्वायत्त महाविद्यालयाचा अभ्यासक्रम: लिहायचा कसा, वेबसाइटवर ठेवायचा कसा

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली आहे. येत्या जूनपासून प्रथम वर्षाला आमचा स्वतःचा अभ्यासक्रम लागू करायचा आहे. तो नव्या शैक्षणिक धोरणाच्या क्रेडिट आराखड्यात बसवायचा आणि प्रवेश सुरू व्हायच्या आत वेबसाइटवर टाकायचा, असं प्राचार्यांनी सांगितलं आहे. मी भूगोल विभागाचा प्रमुख. विभागात आम्ही तिघे, त्यातला एक तासिका तत्त्वावर. विद्यापीठाचाच अभ्यासक्रम उचलला तर चालेल का? सुरुवात कुठून करू? वेबसाइटवर नेमकं काय आणि किती टाकायचं? आधीच्या बॅचेसचे विद्यापीठाचे अभ्यासक्रम ठेवायचे की काढून टाकायचे?

उत्तर:

सर, मी 28 वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली 9 वर्षं स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळाची, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीची, अध्यक्ष होते. त्या काळात केलेल्या चुकांमधली सगळ्यात मोठी आधी सांगते, कारण तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत.

आमची एक माजी विद्यार्थिनी पदवीनंतर पाच वर्षांनी विभागात आली. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा होता आणि त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचे साक्षांकित अभ्यासक्रम मागितले होते. मी म्हटलं, वेबसाइटवर आहेत की, प्रिंट काढ, सही करून देते. तिने प्रिंट आणली आणि गुणपत्रिका शेजारी ठेवली. कोड तोच, पण नाव वेगळं. तिच्या गुणपत्रिकेवर नकाशाशास्त्र होतं, वेबसाइटवर त्याच कोडखाली पर्यटन भूगोल. मधल्या काळात आम्ही अभ्यासक्रम बदलला होता आणि ‘जुनी फाइल काढून नवी टाका’ असं कार्यालयाला मीच सांगितलं होतं. तिच्या बॅचचा अभ्यासक्रम शोधायला तीन आठवडे गेले. शेवटी तो सापडला प्रयोगशाळा सहायकांच्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली, पहिलं पान फाटलेला. प्रवेशाची तारीख तोवर दोन दिवसांवर आली होती.

तेव्हापासून मी अभ्यासक्रम लिहायला बसले की ही मुलगीच वाचक म्हणून समोर धरते. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येते, दोन दिवस राहून जाते. विद्यापीठाचे प्रतिनिधी बैठकीपुरते असतात. हा कागद खरोखर लागतो तो पाच वर्षांनी परतणाऱ्या मुलीला आणि तिची कागदपत्रं तपासणाऱ्या, आपल्याला ओळखत नसलेल्या माणसाला. त्या माणसाला तुम्हाला फोन न करता सगळं कळलं पाहिजे.

आता विद्यापीठाचा अभ्यासक्रम उचलण्याबद्दल. उचलता येतो. स्वायत्तता मिळाली म्हणजे सगळं पाटी कोरी करून लिहायचं असं नाही. तीन माणसांच्या विभागाने पहिल्याच वर्षी सगळं नवं करायला घेऊही नये. मात्र तो तुमच्या अभ्यास मंडळाने चर्चा करून स्वीकारलेला आणि तुमच्या विद्यापरिषदेने (महाविद्यालयाच्या शैक्षणिक निर्णयांची वरची समिती) मंजूर केलेला असला पाहिजे. त्याशिवाय तो तुमचा अभ्यासक्रम होत नाही. एका बैठकीला मी बाहेरची तज्ज्ञ म्हणून गेले होते. समोर आलेल्या मसुद्यात सातव्या पानावर भलत्याच महाविद्यालयाचं नाव तसंच राहिलेलं होतं. कोणी काही बोललं नाही, चहा आला, बैठक पुढे सरकली. पण त्या विभागाने मसुदा वाचलेला नव्हता हे सगळ्यांना कळलं. घ्यायचंच तर उघडपणे घ्या. ‘विद्यापीठाचा अमुक वर्षाचा अभ्यासक्रम पुढील बदलांसह स्वीकारण्यात येत आहे’ असा ठराव करा आणि बदल मोजून लिहा.

सुरुवात अभ्यासक्रमापासून करू नका, अभ्यास मंडळावर माणसं नेमण्याच्या पत्रांपासून करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) स्वायत्त महाविद्यालयांच्या 2023 च्या विनियमांनुसार अभ्यास मंडळावर विभागप्रमुख अध्यक्ष असतो. त्याशिवाय विभागातले प्राध्यापक, विद्यापरिषदेने नेमलेले बाहेरच्या विद्यापीठांतले दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ, उद्योग किंवा संबंधित क्षेत्रातला एक प्रतिनिधी आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेला एक गुणवंत माजी विद्यार्थी असतो. यातला कुलगुरूंचा प्रतिनिधी सगळ्यात उशिरा येतो. प्राचार्यांनी सहा नावं पाठवायची, त्यातून एक निवडून यायचं, आणि ते पत्र विद्यापीठातून निघायला किती दिवस लागतील याचा नेम नाही. मसुदा तयार आणि मंडळच अपुरं, ही वेळ मार्चमध्ये बऱ्याच विभागांवर येते. त्यामुळे सहा नावांची यादी या आठवड्यातच प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. तिघांच्या विभागाला या बाहेरच्या माणसांची खरी मदतही होते. उद्योगाच्या जागेवर आम्ही एकदा जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याचं, काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावलं. त्याने मसुदा चाळून एकच विचारलं, ‘मॅडम, मुलं हे सॉफ्टवेअर बघणार की वापरणार?’ तोवर आमच्या मसुद्यात नुसता ‘परिचय’ होता.

पत्रं गेली की दुसरं काम क्रेडिटचा तक्ता हातात घेण्याचं. महाराष्ट्र शासनाचा 20 एप्रिल 2023 चा शासन निर्णय आणि त्यात सुधारणा करणारा 13 मार्च 2024 चा, हे दोन्ही मुळातून वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका. वर्षाला 40 ते 44 क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. या चौकटीत मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (मुक्त निवडीचा विषय), व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरांची भेळ आहे. मेजरसोबत विभागाने काय काय द्यायचं ते महाविद्यालयाच्या पातळीवर ठरतं. तो तक्ता प्राचार्यांच्या सहीने हातात आल्याशिवाय एक युनिटही लिहू नका. तोंडी सांगण्यावर आम्ही एकदा ओईचे दोन अभ्यासक्रम लिहून मोकळे झालो. नंतर कळलं की ते आमच्याच विद्याशाखेच्या मुलांना देताच येत नाहीत, कारण ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. आम्ही नदीखोऱ्यांचा अभ्यास लिहिला होता आणि समोर बसणार होती वाणिज्यची मुलं. पुन्हा लिहिला तेव्हा हवामानाचा अंदाज आणि पीक विमा असा विषय घेतला. तो वर्ग मात्र भरलेला असायचा.

बहुतेक विभाग एक गोष्ट विसरतात. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळण्यासाठी आणखी 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. ती जबाबदारी तुमच्याच दारात येते. बाहेर पडणारा एकच विद्यार्थी असेल, नसेलही, पण त्या 4 क्रेडिटमध्ये काय करायचं हे पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातच लिहिलेलं हवं.

आता तासांचा हिशेब. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण वेबसाइटवर गेलेल्या अभ्यासक्रमांत सर्वांत जास्त चुका इथेच दिसतात. व्याख्यानाच्या एका क्रेडिटला 15 तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास. म्हणजे 4 क्रेडिटचा अभ्यासक्रम 2 क्रेडिट व्याख्यान आणि 2 क्रेडिट प्रात्यक्षिक असा असेल तर 30 अधिक 60, एकूण 90 तास, 15 आठवड्यांत आठवड्याला 6. बरेच जण सवयीने ‘एकूण तास 60’ लिहून मोकळे होतात, कारण ‘चार क्रेडिट म्हणजे साठ’ हे डोक्यात बसलेलं असतं. शिवाय हे घड्याळी तास आहेत. तुमच्याकडे तासिका 48 मिनिटांची असेल तर 15 तासांसाठी जवळपास 19 तासिका लागतात. हे वेळापत्रकात धरलं नाही तर चौथं युनिट कायम ‘घरी वाचा’ या सदरात जातं.

आता हेच प्रात्यक्षिक दोन तुकड्यांना द्यायचं झालं तर शिक्षकांच्या बाजूने आठवड्याला 4 नव्हे, 8 तास होतात. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला 16 तास, सहयोगी आणि प्राध्यापकांचा 14. आपल्याकडे अभ्यास मंडळाची बैठक म्हणजे निम्मी कार्यभाराची बैठक असते, हे तुम्हालाही माहीत आहे. कोणाचा पेपर गेला, कोणाचे तास कमी झाले, तासिका तत्त्वावरच्या सरांचं पुढच्या वर्षी काय. हे प्रश्न खरे आहेत, पोटाचे आहेत. त्यांना क्षुल्लक म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण ते अभ्यासक्रमाच्या बैठकीआधी विभागात बसून, कागदावर तासांची बेरीज मांडून सोडवा. नाहीतर बाहेरच्या तज्ज्ञांसमोर वाद होतो तो ‘प्राकृतिक भूगोल आधी की मानवी’ या नावाने, आणि खरा मुद्दा कोणीच काढत नाही.

निष्पत्तींकडे येऊ, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय येईल ते. सीओ (एका अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती), पीओ (संपूर्ण पदवीच्या निष्पत्ती), ब्लूम वगैरे. बेंजामिन ब्लूमची शिकण्याच्या पातळ्यांची वर्गवारी 1956 ची, सुधारित 2001 ची. तिच्यातल्या क्रियापदांचा तक्ता आता प्रत्येक विभागाच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. तक्त्यातून क्रियापद उचलून वाक्याला जोडलं की निष्पत्ती झाली, असा समज आहे. ‘विद्यार्थ्यांना स्थलदर्शक नकाशांची ओळख होईल’ हे आमच्या पहिल्या अभ्यासक्रमातलं माझंच वाक्य. ओळख झाली की नाही हे तपासणार कसं? नंतर ते असं झालं: ‘भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर दिलेल्या दोन बिंदूंमधला उभा छेद विद्यार्थी समोच्च रेषांवरून काढू शकेल आणि त्या दोन बिंदूंवरून एकमेकांकडे थेट दिसतं का हे सांगू शकेल.’ या एका वाक्यातून मला काय मिळालं ते पाहा. प्रात्यक्षिक ठरलं. परीक्षेचा प्रश्न ठरला. लागणारं साहित्यही ठरलं: नकाशे, आलेखकागद, आणि त्या प्रमाणावर दोन समोच्च रेषांतला उंचीचा फरक 20 मीटर असतो ही माहिती. तासही ठरले, कारण पहिला छेद काढायला मुलांना दोन तास लागतात आणि दुसरा अर्ध्या तासात होतो. परदेशातल्या तपासनिसालाही कळलं की या मुलीला काय येतं. दोन क्रेडिटच्या अभ्यासक्रमाला अशा तीन किंवा चार निष्पत्ती पुरतात. आठ लिहिल्यात तर त्यातल्या चार खोट्या असतात.

कोणता सीओ कोणत्या पीओशी किती जुळतो याचा 1, 2, 3 आकड्यांचा तक्ता भरावा लागतो, भरा. त्यावर फार वेळ घालवू नका.

भाषेचं मात्र सांभाळा. तुमच्याकडे मराठी माध्यमातून लिहिणारी मुलं असणार, म्हणून अभ्यासक्रम दोन्ही भाषांत द्या. पण इंग्रजी मसुदा यंत्राला देऊन आलेलं मराठी तसंच चिकटवू नका. आमच्या एका मसुद्यात ‘रिलीफ मॅप’चा ‘मदत नकाशा’ झाला होता. भूगोलात तो ‘उठाव’, हे तुम्हाला सांगायला नको, पण त्या रात्री मसुदा टाइप करणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. ही चूक हसण्यावारी गेली, दुसरी गेली नाही. मराठी आणि इंग्रजी मसुद्यात एका युनिटचा एक मुद्दा कमी-जास्त होता आणि परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न आला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या शेवटी एक ओळ असते: दोन्ही भाषांतल्या मजकुरात फरक आढळल्यास कोणता ग्राह्य धरायचा. संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, भूगोलाचाही आहे. त्यातले काही शब्द वर्गात कोणी वापरत नाही हे मान्य. तिथे मुलं जो शब्द खरोखर लिहितात तो घ्या, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच ठेवा.

मूल्यमापनाची ओळ अशी लिहा की तिच्यावर भांडण होणार नाही. अंतर्गत किती, सत्रान्त किती हे प्रमाण विद्यापीठागणिक वेगळं आहे, तुमच्या विद्यापरिषदेने ठरवलेलं लिहा. पण दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागेल की एकत्रित, अंतर्गत परीक्षा चुकली तर पुन्हा संधी आहे का, प्रात्यक्षिकाच्या वहीला गुण आहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात हवीत. निकालाच्या दिवशी पालक याच तीन प्रश्नांसाठी येतात.

संदर्भग्रंथांची यादी घेऊन एकदा ग्रंथालयात जा आणि कपाटासमोर उभे राहा. आमच्या यादीत एक पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. मी शिकताना होतं, शिकवताना होतं. ग्रंथपालांना विचारलं तर त्याची एकुलती प्रत कधीच बाद झालेली. दोन क्रेडिटला चार-पाच पुस्तकं पुरेत. त्यातलं एक तरी मराठी हवं आणि इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टवर (महाविद्यालयांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय) काही मिळत असेल तर तसं लिहा.

मसुदा बाहेरच्या सदस्यांना किमान पंधरा दिवस आधी पाठवा. बैठकीत प्रोजेक्टरवर पान-पान सरकवून मंजूर झालेला अभ्यासक्रम कोणीच वाचलेला नसतो. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चेअंती मंजूर’ एवढंच लिहू नका. कोणी काय सुचवलं, काय मान्य झालं, काय का नाही, हे चार-पाच ओळींत यायला हवं. पुढच्या वर्षी तुमच्याच उपयोगी पडतं.

आता वेबसाइट. जाहीर करण्याची सक्ती एकाच बाजूने नाही. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातलं चौथं कलम न मागता माहिती खुली करायला सांगतं. नॅकला पीओ-सीओ वेबसाइटवर दिसावे लागतात. 2024 मध्ये यूजीसीने उच्च शिक्षणसंस्थांनी काय काय स्वतःहून जाहीर करावं याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण कुठे ठेवलं म्हणजे जाहीर झालं, हे आपल्याकडे कोणी फारसं विचारत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 2009 मध्ये सरकारी विद्यापीठांसाठी एक कायदा केला. त्यात अभ्यासक्रम मुख्य पानापासून तीन क्लिकच्या आत, पासवर्डशिवाय, शब्द टाकून शोधता येईल असा आणि वर्ग सुरू झाल्यापासून सात दिवसांत दिसला पाहिजे असं लिहिलं आहे. तिथे प्रत्येक शिक्षक आपापला अभ्यासक्रम लिहितो, त्यामुळे ही सगळी सक्ती शिक्षकांच्या डोक्यावर बसली आणि तिथल्या प्राध्यापकांनी कुरकुरही केली. आपल्याकडे अभ्यासक्रम मंडळाचा असतो, म्हणून तुलना पूर्ण जुळत नाही. पण तीन क्लिकची कसोटी मला पटते. आपल्या किती महाविद्यालयांत भूगोलाचा अभ्यासक्रम आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष), मग नॅक, मग निकष 1, मग 1.1.1, मग ‘अतिरिक्त माहिती’ अशा बोळांतून जाऊन सापडतो! तो मूल्यांकनासाठी ठेवलेला असतो, विद्यार्थ्यासाठी नाही. तुमच्याकडे मुख्य पानावर ‘अभ्यासक्रम’, त्यात ‘भूगोल’, त्यात फाइल, एवढाच रस्ता ठेवा. नॅकच्या पानावर त्याच फाइलची लिंक द्या. फाइलची दुसरी प्रत तिथे टाकू नका, नाहीतर वर्षभरात दोन्ही वेगळ्या होतात.

गुगल ड्राइव्हची लिंक तर मुळीच देऊ नका. विभागातल्या कोणाच्या तरी खासगी खात्यावर फाइल असते. ते निवृत्त होतात किंवा दुसरीकडे रुजू होतात, खातं साफ करतात, आणि लिंकवर ‘परवानगी मागा’ अशी पाटी येते. परवानगी मागायची कोणाकडे?

फाइल स्कॅन केलेली नको. सही-शिक्क्याची, तिरकी, खाली कोणाचा तरी अंगठा आलेली प्रत ‘अधिकृत’ दिसते म्हणून चढवली जाते. ती शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तिथे अक्षरच नसतं, नुसतं चित्र असतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी आमच्या वर्गात असा एक मुलगा होता आणि त्याचा मित्र त्याला अभ्यासक्रम वाचून दाखवायचा. मी ते पाहिलं तेव्हा मला लाज वाटली. सही केलेली प्रत कार्यालयात जपा. वेबसाइटवर वर्डमधून थेट केलेली पीडीएफ द्या. मराठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. टाइपिंग करणारे अजून जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. छापलं की सुरेख दिसतं, कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात. चाचणी सोपी आहे: पीडीएफमधलं एक वाक्य उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. वाचता आलं तर ठीक.

पहिल्या पानावर अभ्यासक्रमाचं नाव आणि कोड, सत्र, क्रेडिट, तास, कोणत्या शैक्षणिक वर्षापासून लागू, अभ्यास मंडळाच्या आणि विद्यापरिषदेच्या मंजुरीच्या तारखा, आणि आवृत्तीचा क्रमांक. एकदा वापरलेला कोड पुन्हा कधीही दुसऱ्या अभ्यासक्रमाला देऊ नका, माझ्या त्या विद्यार्थिनीची सगळी कहाणी यातून झाली. फाइलच्या नावातही विषय, सत्र आणि वर्ष घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल करेक्टेड 2’ या नावांच्या फाइली मी अधिकृत वेबसाइटवर पाहिल्या आहेत.

चढवलेल्या फाइलला नंतर हात लावायचा नाही. सत्र सुरू झाल्यावर चूक सापडतेच, आम्हाला दर वर्षी सापडली. तेव्हा त्याच नावाची दुरुस्त फाइल गुपचूप बदलू नका, तारखेसह शुद्धिपत्रक काढून शेजारी लावा. आशयात बदल असेल तर तो मंडळासमोर जाऊन पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत येईल. आधीची आवृत्ती खाली तशीच राहील, कारण एटीकेटीची मुलं दोन-तीन वर्षं त्याच अभ्यासक्रमावर परीक्षा देत असतात.

काय टाकू नये तेही सांगते. सदस्यांचे मोबाइल क्रमांक आणि सह्या, पुस्तकांची स्कॅन केलेली प्रकरणं, आणि अध्यापनाचं आठवडेवार नियोजन अभ्यासक्रमाच्या फाइलमध्ये. नियोजन जाहीर जरूर करा, पण वेगळ्या फाइलमध्ये. ते दर वर्षी बदलतं, पाऊस जास्त झाला तर क्षेत्रभेट पुढे जाते, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी विद्यापरिषदेकडे जायचं नसतं.

उरला शेवटचा प्रश्न, विद्यापीठाच्या जुन्या अभ्यासक्रमांचा. ठेवा, सगळे ठेवा. तुमची द्वितीय आणि तृतीय वर्षाची मुलं अजून त्यावरच आहेत, आणि पदवी तर स्वायत्ततेनंतरही विद्यापीठच देणार आहे. नुसती विद्यापीठाच्या पानाची लिंक देऊन भागत नाही, कारण त्यांची वेबसाइट नव्याने बांधली गेली की जुन्या लिंका मेल्या म्हणून समजा. फाइल उतरवून घ्या, आपल्या वेबसाइटवर ‘स्वायत्ततेपूर्वीचे अभ्यासक्रम’ असा वेगळा भाग करा आणि प्रत्येकावर विद्यापीठाचं नाव आणि लागू असलेली वर्षं लिहा. 2013 चा पॅटर्न, 2019 चा पॅटर्न असं काही मिळत नसेल तर विद्यापीठाकडे अर्ज करायच्या आधी तीन ठिकाणी पाहा: ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या बांधणीत, कारण कोणीतरी अभ्यासक्रम पहिल्या पानाला जोडून ठेवलेला असतो, आधीच्या नॅक अहवालाच्या परिशिष्टात, आणि प्रयोगशाळा सहायकांच्या कपाटात. आमच्या सहायकांना मी शेवटी विचारलं होतं, हे तुम्ही का जपून ठेवलंत? ते म्हणाले, ‘मॅडम, मागच्या बाजूने कोरं होतं, सामानाची यादी लिहायला ठेवलं होतं.’